मागच्या बाजूची लिफ्ट

कोपऱ्यावरची ती जुनी दगडी इमारत पाडून तिथे टॉवर उभा करायचा म्हणून बिल्डरचा माणूस सह्या गोळा करायला आला, तेव्हा पहिली सही केली ती किल्लीवाल्या मावशींनी. कागद वाचलासुद्धा नाही. "नव्या इमारतीत लिफ्ट आहे ना?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, "दोन." मावशी म्हणाल्या, "मला एक पुरे," आणि सही ठोकून मोकळ्या झाल्या.

जिन्याखाली, जेमतेम स्टूल मावेल एवढ्या जागेत मावशींचं दुकान होतं. किल्ल्या करायच्या, कुलपं दुरुस्त करायची. दुकान खरं त्यांच्या नवऱ्याचं. सगळा रस्ता त्यांना मास्टर म्हणायचा. एके सकाळी मास्टर हातातली कानस खाली ठेवायला गेले आणि ती ठेवता येईना. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. वर्षानुवर्षं शेजारी बसून बघितलेलं काम मावशींनी महिन्याभरात हातात घेतलं. आधी लोक किल्ली दोनदा तपासून घ्यायचे, मग तेही थांबलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दवाखान्यात न्यायचं म्हणजे मास्टरना खुर्चीला बांधून चौघांनी जिन्यावरून उतरवायचं. लाकडी जिना वळणावळणाचा, प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि मास्टर डोळे घट्ट मिटून घ्यायचे. ज्या जिन्यावरून हा माणूस शीळ घालत उतरायचा, त्याच जिन्यावरून सामानासारखं जायचं. एकदा त्यांनी दाराची चौकट धरली ती सोडलीच नाही, नाहीच म्हणाले. तेव्हापासून ते गॅलरीत बसून असत.

म्हणून मावशींनी पाडापाडीचा विषय मनावर घेतला. दारोदार फिरल्या. इमारतीतली बहुतेक कुलपं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांच्या तोंडावर दार कोण लावणार? विरोध होता फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचा. इमारत किती जुनी, छपरातल्या रंगीत काचा कशा आता कुठे मिळायच्या नाहीत, हे त्या तळमळीने सांगायच्या.

"छान आहेत काचा," मावशी म्हणाल्या. "आता त्या काचांवर बसवून आमच्या माणसाला खाली आणता का?"

शिक्षिकाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी जुन्या इमारतींचं काम करणारी एक आर्किटेक्ट बोलावली. तरुण मुलगी, पायात बूट, केसांत जळमटं. दिवसभर भिंती ठोकत फिरली आणि संध्याकाळी दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, मागच्या बाजूला एक लोखंडी दार आहे. कुलूप गंजलंय. उघडून द्याल का?"

"तुझ्या कामाला मी कशाला हातभार लावू?"

"नका लावू. कुलूप तर उघडा."

कुलूप समोर असलं की मावशींच्याने राहवत नसे. तेल सोडलं, तार फिरवली, चार शिव्या घातल्या. दार उघडलं. आत मोडक्या बादल्या, गाद्या, कबुतरांची घाण. आर्किटेक्टने टॉर्च वर मारला. अगदी छपरापर्यंत उभा, चौकोनी, रिकामा बोळ होता. कधीकाळी याच वाटेने दोराने सामान वर ओढत असणार. नंतर प्रत्येक मजल्यावरचं तोंड फळ्या मारून बंद केलेलं.

ती मुलगी बराच वेळ मापं घेत राहिली. मग म्हणाली, "इथे लिफ्ट बसू शकते. छोटी."

मावशींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "थट्टा करू नकोस हं."

"बसू शकते म्हणाले, बसेल नाही म्हणाले. भिंती तपासायला लागतील. आणि ही इमारत पाडली नाही तरच."

मावशी दुकान तसंच उघडं टाकून वर गेल्या. गॅलरीत मास्टर रस्ता बघत बसले होते. धापा टाकत त्यांनी सगळं सांगितलं.

"इथंच?" मास्टरनी विचारलं.

"इथंच. कुठं जायला नको."

मास्टरांचा चेहरा एका बाजूने हलू लागला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "तिकडं... गावाबाहेर... ते घर." टॉवर होईपर्यंत राहायला बिल्डर देणार होता ते घर. "मी... परत... येणार नव्हतो."

टॉवर व्हायला किती वर्षं लागतील, हे मावशींनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. या माणसाने बसल्या बसल्या तो हिशेब करून ठेवला होता.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू... खूश होतीस."

त्या रात्री मावशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्डरच्या माणसाला सही मागे घेतल्याचं कळवलं आणि पुन्हा त्याच दारांवर गेल्या, उलटं सांगायला. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. "मागच्या महिन्यात तर इमारत पाडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं!" मावशी म्हणायच्या, "तेव्हा मी चुकले होते. आता ऐका."

सगळ्यात कडवट बोलला तो वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर. त्याच्या पोरांच्या अंथरुणावर छत गळायचं. "तुमची लिफ्ट होईल मावशी, माझ्या छपराचं काय?"

मावशी सरळ आर्किटेक्टकडे गेल्या. "आधी छप्पर. मग लिफ्ट. नाहीतर मी तुझ्या बाजूची नाही." तिने कबूल केलं.

इमारत वाचली. नगरपालिकेने तिला जुन्या इमारतींच्या यादीत घेतलं, दुरुस्तीला हातभार लावला. पण छप्पर होईतो ड्रायव्हर थांबला नाही. त्याने खोली विकली आणि निघून गेला. रस्त्यात भेटला तर तो मावशींशी बोलत नाही. मावशींना ते लागतं, पण त्या त्याला दोष देत नाहीत.

लिफ्ट झाली ती इतकी लहान, की चाकाची खुर्ची आत गेली की दुसऱ्या कुणाला जागाच नाही. पहिल्या दिवशी मास्टर एकटे लिफ्टमध्ये आणि मावशी जिन्यावरून धावत. खाली पोचल्या तर मास्टर त्यांच्या आधी दुकानासमोर. खाली थांबलेल्या शिक्षिकाबाईंनी खुर्ची ढकलली होती.

मास्टरनी डाव्या हाताने मावशींनी केलेली एक किल्ली उचलली, डोळ्यांसमोर धरली.

"वाकडी," ते म्हणाले.

"लागते की कुलपाला!"

"वाकडीच."

पुढची काही वर्षं रोज सकाळी ते खाली येऊन बसत आणि मावशींच्या कामात खोट काढत. मावशी वैतागायच्या, गिऱ्हाइकांसमोर भांडायच्या. मग एका पावसाळ्याच्या सुरुवातीला मास्टर घरीच, झोपेत गेले. मावशी अजून दुकानात बसतात. गुडघे दुखायला लागल्यापासून वर जाताना लिफ्ट त्याही वापरतात.