कोब्याखाली गेलेलं उखळ

आमच्या घरी कोबा झाला तो साठ सालानंतर कधीतरी. कोपरखैरणे तेव्हा खाडीकाठचं गाव होतं. नवी मुंबई हे नाव कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. बाबा मिठागरावर कामाला जायचे. दिवसभर खाऱ्या चिखलात उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा ओलसर जमिनीवर बसायचं, याला ते कंटाळले आणि सिमेंटच्या कोब्याच्या हट्टाला पेटले.

काम दिलं आमच्याच आळीतल्या ठेकेदाराला. आई नेमकी बहिणीच्या बाळंतपणासाठी नावड्याला गेलेली. आमचं दगडी उखळ घरात जमिनीत पुरलेलं होतं, तोंड तेवढं वर. आई रोज त्यात भात कांडायची. ठेकेदाराने त्यात खडी भरली आणि वरून असा गुळगुळीत कोबा केला, की उखळ कुठे होतं तेही कळेना. बाबा कोब्यावर इतके खूश, की उखळ गेल्याचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. बघायला येणाऱ्यांना ते पाय धुवायला लावूनच आत घेत होते.

आई परतली. हातात मुसळ घेऊन सगळ्या घरातून फिरली आणि तडक ठेकेदाराला बोलावून आणलं.

"भावजी, माजं उखल कुटं हाय?"

"खड्डा होता, वयनी. बुजवला. फुकटात बुजवला," तो म्हणाला आणि आता आपलं कौतुक होणार म्हणून हसत उभा राहिला.

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. "आताच्या आता फोड," ती म्हणाली.

"कोब्याला कोनी हात लावाचा नाय!" बाबा ओरडले. भात गिरणीवर नेऊ म्हणाले. गिरणीच्या तांदळाला तेलाचा वास येतो, असं आईचं ठाम मत होतं.

शेवटी गावचे पंच बोलावले. भरदुपारी पंच कोब्यावर बसले. त्यांनी तो हाताने थोपटून पाहिला. जमीन गारेगार. एक जण आडवा झाला, मग दुसरा, मग सगळेच घोरायला लागले. उठून, चहा पिऊन त्यांनी निकाल दिला, की कोबा झकास हाय. उखळाचं कुणी नावही काढलं नाही. त्या पंचांचा मला आजही राग येतो.

आईने मात्र पंचांसमोरच सांगून टाकलं, "आता मी भावजींच्याच घरी कांडनार."

आणि खरंच जाऊ लागली. ठेकेदार जिथे झोपायचा, त्याच्या उशाशीच त्यांचं उखळ. पहाटे आईचं मुसळ सुरू व्हायचं, मग त्याची बायकोही दुसरं मुसळ घेऊन उभी राहायची. धपाधप कांडणं, गाणी, मध्येच खो खो हसणं. लाल डोळ्यांचा ठेकेदार आठवडाभरातच पहार घेऊन आमच्या दारात हजर झाला.

बाबा कोब्यावर आडवे पडले. "आदी मला फोड."

"दादा, मला झोपू द्या रे!" ठेकेदार रडकुंडीला आला होता. बाबांना त्याची दया आली असावी. ते थोडे सरकले. ठेकेदाराने मोकळ्या जागेत फोडलं, उखळ नव्हतं. बाबा हाय हाय करत आणखी सरकले. तिथेही नव्हतं. उखळ निघालं ते बाबा पहिल्यांदा आडवे पडले होते, बरोबर तिथे. तोवर त्यांच्या लाडक्या कोब्याची चाळण झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा उखळाजवळ जाऊन बसले. एवढा कोबा गेला, निदान मुसळाचा आवाज तरी ऐकावा. आईने सूप उचललं, मुसळ खांद्यावर टाकलं आणि दाराबाहेर निघाली.

"आता कुटं?"

"भावजींकडं."

"अगं, उखल भेटलं ना?"

"उखल भेटलं. तिकडं माज्याशी बोलाया मानूस हाय." आणि ती गेली.

बाबांनी उखळाच्या तळाशी राहिलेली खडी एकेक करून वेचली. मला त्यांची फार कीव आली, आणि आईची त्याहून जास्त.

तिसऱ्या पहाटे जाग आली ती घरातल्याच धपधप आवाजाने. बाबा मुसळ घेऊन उभे होते. भात घरभर उडालेला. आई उंबऱ्यावर सूप घेऊन बसली होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मग, नावड्याला काय काय जालं?" बाबा विचारत होते.

बाबा रोज कांडत राहिले, आणि त्या पावसाळ्यात आम्ही नुसत्या कण्यांची पेज खाल्ली.