समुद्रावरची ताडपत्री

मंठ्याच्या बाजारात जुन्या ताडपत्र्या विकणारा एक माणूस बसायचा. समुद्रात शीड लावलेल्या फळीवर उभं राहून लाटांवर खेळतात ना, तसलं एक शीड एकदा त्याने आणलं. शिवण जाड, मधोमध पारदर्शक खिडकी.

"समुद्राच्या वाऱ्यात फाटलं न्हाई, भाऊ," तो ते ताणून दाखवत म्हणाला.

आमचा वेचलेला कापूस अंगणात उघडाच होता. ते शीड घेऊन त्यावर टाकू, असं मी म्हणालो; घरातला पहिला पदवीधर म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं. पहिल्याच वादळात शीड बांधलेल्या दगडांसकट शेजारच्या शेतात गेलं आणि कापूस भिजला.

मी ते शीड घेऊन त्याच्याकडे तक्रार करायला गेलो. त्याने प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवलं, मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"फाटलं का कुठं?"

"नाही."

"मंग? वारं धरायचं त्याचं कामच हाय. बराबर करून राह्यलं ते."

आता ते आमच्या गोठ्यावर आहे. अजून फाटलेलं नाही. वारा सुटला की आम्ही गोठा धरतो.