दोघींना घ्या, नाहीतर एकीलाही नको

१९६३च्या उन्हाळ्यात रेचल नवगावकरचा पाय घरात ठरत नव्हता. ठाण्याला ती गणित शिकवायची. इस्रायलला आल्यावर चाळिशीत हिब्रू शिकली आणि किर्यात मलाखीच्या दक्षिणेला नव्याने वसवलेल्या एका गावात पुन्हा फळ्यापुढे उभी राहिली. गावात शाळा एकच. यंदा आठवीच्या सरकारी परीक्षेत तिथली निम्मी मुलं आपटली, आणि ज्यांना जमेल ते आपली मुलं शेजारच्या शेतवसाहतीच्या शाळेत घालू लागले.

"सातवीला मुलं उरली नाहीत तर वर्ग सहावीत मिसळावा लागेल," मुख्याध्यापक म्हणाले.

मग रेचल भर उन्हात दारोदार हिंडू लागली. कुणी कॉफी पाजली, कुणी दार अर्धंच उघडलं. मोरोक्कोहून आलेल्या सोलिकाची मिरियम वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. सोलिकाने शिक्षिकाबाईंना सरळ विचारलं, "मोरा, तुमची मुलगी ओरनाही सातवीला इथेच राहणार ना?"

"राहणार," रेचल बोलून गेली. घरी मात्र तिने कुणाला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना नवरा बेझालेल म्हणाला, "ओरनाचं नाव मी तिकडच्या शाळेत घालून आलोय. आज सांगणारच होतो."

"अहो, मी लोकांच्या हातापाया पडतेय आणि तुम्ही..."

"लोकांच्या पोरांपायी आपल्या पोरीचं नुकसान करू?"

रेचलने मराठीत ओरनाला विचारलं, "तुला जायचंय?"

ओरनाने आईला हिब्रूत उत्तर दिलं, "हो, इमा. तुझ्या वर्गात मी हात वर केला की तू म्हणतेस, तुला घरी सांगते. घरी आल्यावर तू दमलेली असतेस."

रेचल उठून ताटं उचलू लागली.

दुसऱ्या दिवशी ती सोलिकाकडे गेली. "मी खोटं बोलले. ओरना जाणार आहे."

सोलिका भेंडी चिरत होती, ती तशीच चिरत राहिली. "म्हणजे माझी राहू दे, तुमची जाऊ दे." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "मिरियमलाही तिथे घाला. त्या लोकांशी मला बोलता येत नाही. तुम्ही बोला."

रेचल दोन्ही मुलींना घेऊन शेतवसाहतीत गेली. तिथले मुख्याध्यापक ओरनाकडे पाहून हसले; मिरियमचं मोरोक्कन आडनाव ऐकून म्हणाले, जागा नाही. रेचल उठून उभी राहिली.

"दोघींना घ्या, नाहीतर एकीलाही नको."

ओरनाचा चेहरा पांढराफटक पडला. मुख्याध्यापकांनी वही पुन्हा उघडली; ओरनाचं नाव आधीच लिहिलेलं होतं, त्याखाली त्यांनी नाइलाजाने मिरियमचं लिहिलं. येताना बसमध्ये ओरना आईला सोडून मिरियमजवळ जाऊन बसली.

सप्टेंबरात वर्ग मिसळलाच. रेचल सहावीला अपूर्णांक देऊन सातवीकडे वळली की सहावीचा कालवा सुरू व्हायचा. पुढच्या वर्षी आठवीचा निकाल जरा बरा लागला. शिक्षकांच्या खोलीत केक कापला गेला. रेचलने तुकडा हातात घेतला, आणि तो तसाच बशीत ठेवून ती सहावी-सातवीची बाकं पुन्हा एकाच खोलीत लावायला गेली.