लाल कडा

आत्याचा फोटो समोर आहे आणि मला माझ्या नव्या मिररलेस कॅमेऱ्याचा मनापासून राग येतोय. पदराच्या जरीची तार न् तार मोजून घ्या, डोळे मात्र धुरकट.

माझ्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या खिडकीत एका माणसाची दोन माणसं दिसायची, एक ठळक आणि एक पुसट. लेन्सची रिंग फिरवत ती एकमेकांवर आणायची. त्यासाठी चेहऱ्यावरची एक जागा धरावी लागे. मी नेहमी डोळा धरायचो. दोन आत्यांची एक आत्या झाली की बटण दाबायचं.

या नव्या यंत्रावरही मी फोकस हातानेच करतो, पण खुणा ते करतं. जिथे फोकस बसून कड उठून दिसेल तिथे पडद्यावर लाल रंग फासतं. पदराची जर, चष्म्याची काडी, खुर्चीचा हात, सगळं त्याला सारखंच. निर्लज्ज कुठलं!

त्या दिवशी आत्या खुर्चीत बसून कंटाळली होती. म्हणाली, "अरे, बघतोयस ना माझ्याकडे?"

"हो गं, लाल झालं की काढतो," मी म्हणालो.

जरीची कड लाल झाली आणि मी फोटो काढला.

पुन्हा काढायला आत्या आता नाही. कॅमेऱ्याला हव्या तेवढ्या शिव्या घालून झाल्या, तरी प्रश्न तिने कॅमेऱ्याला विचारला नव्हता. मला विचारला होता, आणि मी खोटं बोललो.