माणिकनं वगळलेलं हातभर पाणी

"भावजी, हे गेले," वहिनी फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, असली थट्टा नका करू!" थापा मारायचा मक्ता झरी गावात माझ्याकडं. आमच्या विहिरीत मगर निघाली होती, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच तिचं शेपूट दिसतं. वहिनींचा माणिक, माझा शाळूसोबती, मात्र पहिल्यापासून उलटा. आकडा सांगितला की विचारायचा, "मोजलास का?"

त्यानं उभी हयात परमुलखातल्या चुनखडीच्या खडकांतलं पाणी तपासण्यात घालवली. जमिनीच्या पोटातला ताण बदलला की दगडाच्या काही भेगा आवळतात, काही उघडतात, अन् आतलं पाणी वाट बदलतं, असं तो म्हणायचा. पण चुनखडी पाण्यात विरघळते. भेग ताणानं उघडली की पाण्यानं खाल्ली, हे उकलेना… त्यापायी त्याचे केस गेले. निवृत्त होऊन परभणीत आला अन् थेट माझ्या पडीक विहिरीवर.

"गड्या, तुझा काळा दगड असा विरघळत न्हाई. भूकंपाच्या धक्क्यानंतर हितलं पाणी हाललं, तर ते ताणाचंच काम. रोज मोज अन् मला सांग."

"आन् हाललं तर?"

"तर मी सुखानं मरंन."

रोज सकाळी गाठी मारलेला दोर सोडायचा अन् त्याला फोन करायचा. आता नुसतं 'दोन बोटं चढलं' कसं सांगावं? मी वीत सांगायचो. पाणी जागचं हाललं नाही तरी त्याला जरा चढवायचो, माणसाला हुरूप नको का?

मग एका पहाटे जमीन हादरली. भांडी पडली. (सात गावांची पडली असं मी सांगतो, आमचीच पडली.) विहिरीवर पळालो. पाणी हातभर चढलेलं! तीनदा दोर सोडला, तिन्ही वेळा हातभर. फोनवर ओरडलो, "माणक्या, हातभर चढलं, लेका! आईशप्पथ!"

"बरं," म्हणाला अन् फोन ठेवला. मला वाटलं, आनंदानं वाचा बसली. पुढं त्यानं विहिरीचा विषयच काढला नाही, अन् मीही विचारलं नाही… हे आता डोक्यात घणासारखं बसतंय.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याची वही दिली. पहिल्याच पानावर, 'गड्याचा आकडा निम्मा धरावा.' पुढं रोज माझा आकडा अन् शेजारी त्याचा निम्मा. धक्क्याच्या दिवशी, 'हातभर म्हणतो. हर्षवायू झालाय. वगळला.' अन् शेवटी, 'काळ्या दगडात फरक दिसला नाही.'

अरे, दिसला होता की! चिडून वही आपटली, परत उचलली. धक्क्यानंतर एकदा येऊन स्वतः दोर सोडायला काय झालं होतं तुला? अन् मला तरी रोज वीत कशाला लागत होती?

"वहिनी, तेवढा एक आकडा खरा होता हो!"

वहिनी म्हणाल्या, "खरा म्हणजे, भावजी… किती धरू?"

वही आता माझ्या उशाशी आहे. 'वगळला' खोडायला पेन उघडतो अन् परत टोपण लावतो. त्या शब्दावर माझं अक्षर पडलं, तर ती आणखी एक थापच दिसंल.