घमेल्यातले वाणी

येरमाळ्याच्या फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा मला अजून राग येतो. माझ्या सोयाबीनचे कोवळे कोंब वाणी, म्हणजे त्या असंख्य पायांच्या, गोल गुंडाळी होणाऱ्या किड्यांनी कुरतडले होते. औषध आणायला निघालो, तर गाडी पंक्चर झाली. आणि ह्या बाबाने फुटक्या घमेल्यात कुजका पाला घालून करंगळीएवढे जाड सात-आठ वाणी पाळलेले! माझी ट्यूब बाजूला ठेवून तो त्यांच्यावर पाणी शिंपडत होता, काकडीची साल ठेवत होता, अंड्याचं टरफल चुरून भुरभुरत होता. एक वाणी त्याच्या मनगटावर चढला, तर हात हलू नये म्हणून श्वास रोखून बसला.

मी भडकलो. "काका, ह्यांनी माझं रान खाल्लं, अन् तुम्ही लाड करताव?"

त्याने वर पाहिलं. तो माझ्याहून जास्त चिडलेला होता.

"ह्यांचं खाणं कुजका पाला. तुमी उन्हाळ्यात धसकटं, पाचोळा समदं पेटवून देताव. मग ह्यांनी काय राख खावी व्हय?"

पंक्चर निघताच मी गाडीला किक मारली. औषध आणलं, फवारलं.

यंदाच्या उन्हाळ्यात काडेपेटी घेऊन रानात गेलो आणि त्या म्हाताऱ्याला शिव्या देत, काडी न ओढताच परत आलो.