ओलाव्याखालची ओळ

ओबुया किसुमूला शिकून आला आणि ट्रॅक्टर सोसायटीत लागला. चालकापुढच्या डब्याचा प्रोग्राम तो लिहायचा. कुणाचं शेत आधी नांगरून पेरायचं हे तो डबा ठरवायचा. अख्ख्या सेमे भागात एवढी सत्ता चीफकडेही नव्हती. गिरणीपुढे बसणारे त्याला सोडतात होय?

“काय साहेब, आमचा नंबर वर सरकवा की. शेळी पाठवू?”

“शेळी नको काका, कोंबडीत भागेल.”

हसण्यावारी जायचं सगळं. पण खरी गंमत अशी, की डब्याला लहानमोठं मुळात कळतच नाही. ‘शेत’ नावाचा नवा प्रकार आपण घडवला, तर दोन शेतांत आधीचं कुठलं हेही आपणच शिकवायचं. एक तर तुलना स्वतःच्या हाताने लिहा, नाही तर “तूच ठरव” म्हणून मोकळे व्हा. मग तो शेताच्या नोंदीतल्या ओळी वरून खाली बघत जातो, आणि वरची ओळ दोन्ही शेतांची सारखी निघाली तरच खालच्या ओळीला हात लावतो. ओबुया मोकळा झाला. वर लिहिला मातीचा ओलावा, खाली घराचा मान, म्हणजे घरातली थोरली आधी, मग धाकटी.

शेजारच्या टेबलावरच्या अविनोने हटकलं होतं. “मान खाली टाकलास?”

“आहे ना पण! ओलावा सारखा निघाला की मानच बघणार.”

“आणि नाही निघाला तर?”

“अगं, एका घरातली शेतं, बांधाला बांध. कितीसा फरक पडतोय?”

फरक केसाएवढाच होता. पण ओलावा मोजणारी सळई केसही मोजायची. त्यामुळे दोन शेतं कधी सारखी निघालीच नाहीत, आणि खालच्या ओळीकडे कुणी फिरकलंच नाही.

ओबुयाच्या बापाला दोन बायका. थोरली डोर्सिला, धाकटी पेरेस. ओबुया पेरेसचा, पण डोर्सिलाची पोरं जगली नाहीत, म्हणून तो थोरलीच्याच चुलीपाशी, तिच्याच हातचं मका-घेवड्याचं न्योयो खाऊन वाढला. पहिलं बी थोरलीने टाकायचं, मग धाकटीने. हे मोडलं तर घराला चिरा नावाचा शाप लागतो, माणसं झिजत जातात. नवरा गेल्यावर डोर्सिलाजवळ उरलं होतं ते एवढंच पहिलेपण.

पेरणीच्या दिवशी पेरेस सरोवरावर ओमेना मासळी विकायला गेलेली. ड्रायव्हर परमुलखातला, किसीकडचा, त्याला इथली रीत काय ठाऊक? डब्याने सांगितलं आणि त्याने आधी पेरेसचं शेत पेरलं. पेरेस परतली ती टोपली टाकून रडतच थोरलीच्या दारात.

“ताई, मी नाही गं केलं!”

“ठाऊक आहे,” डोर्सिला म्हणाली आणि बियांचं भोपळ्याचं भांडं पुन्हा आढ्याला टांगलं. त्या हंगामात तिने पेरलं नाही.

ओबुया धावत आला. “मोठी आई, चिऱ्यावर औषध असतं ना. मी आणतो.”

“आण की. चिरा जाईल. मी पुन्हा पहिली होईन, असं औषध आहे का तुझ्याकडे?”

पुढच्या पावसाआधी त्याने ओळींची अदलाबदल केली. मान वर, ओलावा खाली. काम चहा निवायच्या आत झालं. हेच त्याला जास्त लागलं.

ट्रॅक्टर आला तो थेट डोर्सिलाच्या शेतावर. ओबुया स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आलेला. म्हातारी दारातून उठली नाही.

“पेरेसकडे न्या.”

“मोठी आई, आता बरोबर केलंय. तुझाच नंबर पहिला आहे.”

“डब्यात ना?” ती हसली. “मला मान तुझ्या बापाने दिला, तुझ्या आईने पाळला. तू मात्र तो ओलाव्याखाली ठेवलास, बाळा. जा, माती वाळतेय.”

पहिलं शेत झाल्याशिवाय डबा दुसऱ्याकडे जाऊ देत नव्हता. तोही ओबुयाचाच नियम. इंजिन धडधडत राहिलं, ड्रायव्हर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी ओबुयाने हात पुढे केला आणि डोर्सिलाच्या न पेरलेल्या शेतापुढे ‘झालं’ हे बटण दाबलं.